कोरियन तलवारबाजी: कुणाची, कुठली?

कुम्दो या कोरियन तलवारबाजीबद्दल एक दावा केला जातो: 'कुम्दो हजारो वर्षं जुनी, सिल्ला या प्राचीन कोरियन राज्याच्या ह्वारांग योद्ध्यांची कला'. मला हे पटत नाही. आजचं कुम्दो म्हणजे सरळसरळ केन्दो, बांबूच्या तलवारीने खेळायची जपानी तलवारबाजी. कोरियात ते 1896 च्या सुमारास पोलिसांच्या प्रशिक्षणातून शिरलं. बांबूची तलवार बघा ना: जपानी तिला शिनाई म्हणतात, कोरियन जुकदो, पण चिनी अक्षरं तीच, 'बांबू' आणि 'तलवार'. फरक काय, तर कोरियन लोक लढतीआधी उकिडवे बसत नाहीत आणि पंचांचं लाल निशाण निळं झालंय!

पण म्हणून सगळंच उसनं असंही नाही. कोरियाचा राजा जोंगजो याच्या हुकमावरून 1790 मध्ये तयार झालेल्या 'मुये दोबो थोंगजी' या युद्धकलेच्या ग्रंथात 'बोनगुक गम', म्हणजे स्वदेशी तलवार, असं वेगळं प्रकरण आहे. गंमत म्हणजे त्याच ग्रंथात 'वेगम', अर्थात जपानी तलवारही आहे, आणि ती जपान्यांकडून आली हे लपवलेलं नाही. आणखी एक पद्धत तर चिनी माओ युआनयीच्या 1621 च्या ग्रंथातून उचललेली, आणि माओ स्वतः म्हणतो की ती जोसनहून, म्हणजे तेव्हाच्या कोरियातून मिळाली! आता काढा मूळ.

हैदोंग गुम्दो या दुसऱ्या कोरियन तलवारशैलीचे लोक तर आपलं मूळ थेट गोगुर्यो या प्राचीन कोरियन राज्यापर्यंत नेतात, पण त्यांची संघटना 1980 च्या दशकातली आहे.