डायलिसिसची वेळ एकची, मशीन मिळतं चारला. विचारायचं कुणाला?

तासगावची सून:
सासऱ्यांचं डायलिसिस मिरजेत एका खाजगी हॉस्पिटलात, जन आरोग्य योजनेतून. मंगळवार-शुक्रवार, दुसरी शिफ्ट. एक म्हणजे एक, उशीर केला तर नंबर जाईल असा दम भरलेला, म्हणून अकरालाच घर सोडतो. पोचल्यावर मात्र "बसा, बोलावतो." किती वेळ? "बसा ना मावशी." अहो, मी चाळिशीचीही नाही!

मामांना, म्हणजे सासऱ्यांना, शुगर आहे. डायलिसिसच्या सकाळी बीपीची गोळी देऊ नका असं डॉक्टरांनीच सांगितलंय, आणि पाणी दिवसाला मोजून. त्यात चार वाजतात. गेल्या शुक्रवारी सकाळी डायलिसिसचं पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट बंद पडला होता म्हणून सगळंच लांबलं. हे स्टाफनं सांगितलं नाही, बाहेरच्या चहावाल्यानं सांगितलं. रात्री शेवटची एसटी गेली, वडापच्या जीपनं आलो.

भांडायची भीती वाटते. सुई त्यांच्याच हातात आहे.

फिस्टुला:
मी टेक्निशियन आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. "किती वेळ?" विचारू नका, त्याला उत्तर "बसा" हेच मिळतं. विचारा, "आमच्या मशीनवर आधीचा पेशंट किती वाजता चढला?" त्यात चार तास मिळवा, वर मशीन धुऊन नळ्या भरायला अर्धा-पाऊण तास. झाला तुमचा नंबर. रात्री कुणी दम लागून, छातीत पाणी भरून आला तर तो आधी घ्यावाच लागतो, आणि मग दिवसभराची गाडी घसरते. रिकामं मशीन दिसलं तरी ते हिपॅटायटिस बीवाल्यांचं राखीव असू शकतं.

गोळीचं डॉक्टरांकडून लिहूनच घ्या: उशीर झाला तर काय करायचं. आणि उशिरा लावलं म्हणून लवकर उतरवत असतील तर गप्प बसू नका. ठरलेला वेळ पूर्ण मिळालाच पाहिजे.

सांगलीकर:
वरचं सगळं पटलं. पण एवढं सांगायला स्टाफची जीभ झिजते का? आमच्या आईच्या वेळी हेच. तोंडी भांडून काही होत नाही, लेखी द्या. 2021 च्या नियमांपासून खाजगी हॉस्पिटलांना रुग्णहक्कांची सनद लावणं आणि तक्रार निवारण कक्ष ठेवणं बंधनकारक आहे. योजनेचा पेशंट असल्यामुळे तिथल्या आरोग्यमित्रालाही (हॉस्पिटलात बसणारा योजनेचा माणूस) सांगा, नाहीतर योजनेच्या 155388 वर फोन. अर्जात सिस्टरचं नाव घालू नका, फक्त वेळा लिहा: बोलावलं कधी, लावलं कधी.

तासगावची सून:
आज फिस्टुला यांचा प्रश्न विचारला. सिस्टर चमकल्याच, पण रजिस्टर बघून सांगितलं: साडेदहा. म्हणजे सव्वातीन. मामांना खाली नेऊन भाकरी खायला घातली, निवांत. सिस्टरांनी माझा नंबरही लिहून घेतलाय, उशीर असेल तर मिस कॉल देते म्हणाल्या. देतील तेव्हा खरं. अर्ज लिहून पर्समध्ये ठेवलाय.

पहिल्या शिफ्टचं विचारलं तर म्हणाल्या, "कुणी गेल्याशिवाय जागा नाही." गेल्याशिवाय म्हणजे काय, ते मी पुढे विचारलं नाही.

आता राहिला परतीचा प्रश्न. आठनंतर मिरजेहून तासगावकडे यायला कुणाच्या माहितीतली गाडी आहे का? म्हातारं माणूस वडापमध्ये फार दाटतं.