ध्येय ठरवणं आणि मॅनिफेस्ट करणं: फरक नक्की कुठे पडतो?

अभ्यासिकावाली

पुण्यात शास्त्री रोडच्या बाजूला एका अभ्यासिकेत मी राज्यसेवेच्या मुलांचे सराव पेपर तपासते. टेबलावर 'उपजिल्हाधिकारी', 'डीवायएसपी' अशा पाट्या आणि खाली स्वतःचं नाव, हे आधीपासून चालत आलंय. त्याला कुणी नावं ठेवत नाही. हल्ली जोडीला 'मॅनिफेस्ट' करायची, म्हणजे हवं ते मिळालंच आहे असं मानून लिहायची, वही आलीय. सकाळी तीनदा, दुपारी सहादा, रात्री नऊदा एकच वाक्य: 'मी उपजिल्हाधिकारी झाले आहे आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे.' याला ३६९ मेथड म्हणतात. निकोला टेस्लाच्या नावावर खपवतात, तो बिचारा असलं काही बोलल्याचा पुरावा नाही. असो, लिहू देत. शाईच जाते.

माझं डोकं फिरलं ते वेगळ्याच कारणानं. एका चांगल्या हुशार मुलीनं सराव पेपर द्यायचंच बंद केलं. का, तर कमी मार्क बघितले की एनर्जी 'लो' होते, आणि एनर्जी लो झाली की कमी मार्कच आपल्याकडे ओढले जातात. तिच्या शेवटच्या पेपरात भूगोलाच्या उत्तरापुढे मी लाल पेनानं 'नकाशा कुठे आहे?' असं लिहिलं होतं. पेपर परत बघायला मागितला तर त्या शेऱ्यावर व्हाइटनर फासलेलं. शेरा गेला, नकाशा मात्र अजूनही काढलेला नाही.

ध्येय ठरवणाऱ्याला आणि मॅनिफेस्ट करणाऱ्याला हवं असतं ते सारखंच. पण ध्येय ठरवलं की लगेच विचारावं लागतं, अडतंय कुठे? मॅनिफेस्टेशनमध्ये नेमका हाच प्रश्न अशुभ. विचारलात तर तुमची श्रद्धा कच्ची. आणि शेवटी हवं ते नाही मिळालं, तरी श्रद्धाच कच्ची.

हे माझं एकटीचं मत नाही. गॅब्रिएल ओटिंगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ मध्ये थॉमस वॉडन यांच्याबरोबर वजन कमी करू पाहणाऱ्या बायकांवरचा अभ्यास छापला. 'मला जमेल' असा भरवसा असलेल्यांचं वजन जास्त उतरलं. पण बारीक झालेलं आपलं रूप मनात रंगवत बसणाऱ्यांचं कमी उतरलं. भरवसा कामाला आला, स्वप्नरंजन आड आलं. पुढच्या प्रयोगांत गोड कल्पनेत रमलेल्यांचा वरचा रक्तदाबही उतरलेला दिसला, म्हणजे अंग सैलावलं. मिळाल्यासारखंच वाटायला लागलं तर उठेल कोण?

मॅनिफेस्टेशनवाल्यांनी बाजू मांडावी. टिंगल करायची नाहीये, खरंच ऐकायचंय.

समईची वात

ताई, पोरीनं व्हाइटनर फासलं ते मॅनिफेस्टेशनच्या खात्यावर कशाला टाकता? नापास व्हायला घाबरणारी मुलं वहीच्या आधीही होतीच की.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि मीही वही लिहिते. नोकरी, मुलांची शाळा, सासूबाईंचं आजारपण, यात 'तुला काय हवंय गं?' हे मला कुणी विचारलेलं आठवत नाही. मी स्वतःलाही नाही. 'माझं स्वतःचं क्लिनिक आहे' हे वाक्य पहिल्यांदा लिहिलं तेव्हा कुणी बघत नाही ना म्हणून मागे वळून पाहिलं होतं. क्लिनिक अजून झालेलं नाही. पण शनिवारी एका डॉक्टरांकडे दोन तास बसायला लागले. ध्येय, मुदत, अडचणी असं कोष्टक मला कुणी आधी दिलं असतं तर रकान्यांत मी सासूबाईंच्या औषधांच्या वेळा भरल्या असत्या. आधी हवं म्हणायला तर शिकू द्या बायकांना, अडचणी मोजायला आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

आणि ऑलिंपिकवाले डोळे मिटून शर्यत बघतात ते काय? मायकेल फेल्प्स रोज बघायचा.

क्लोरीन

फेल्प्सचं नाव निघालंच आहे तर पूर्ण सांगतो. पोरांना पोहायला शिकवतो, त्यामुळे हा विषय माझ्या घरचा.

२००८, बीजिंग, २०० मीटर बटरफ्लाय. पाण्यात उडी मारली आणि गॉगलमध्ये पाणी भरायला लागलं. शेवटी शेवटी भिंत दिसेना. हा हातांचे फटके मोजत गेला आणि सुवर्ण घेतलं, वर १ मिनिट ५२.०३ सेकंदांचा विश्वविक्रमसुद्धा. जमलं, कारण त्याचे कोच बॉब बोमन त्याला फक्त जिंकलेली शर्यत बघायला सांगत नव्हते. बिघडलेली शर्यतही डोळ्यांपुढे आणायची आणि त्यात आपण काय करणार तेही. ज्याला 'निगेटिव्ह विचार' म्हणून तुमचे गुरू हाकलून लावतात, तोच त्याच्या सरावात होता.

कॅलिफोर्निया विद्यापीठात, लॉस एंजेलिसला, फाम आणि टेलर यांनी विद्यार्थ्यांवर हेच तपासलं, १९९९ मध्ये छापलंय. काही मुलांनी रोज थोडा वेळ 'आपल्याला उत्तम मार्क मिळालेत' हे डोळ्यांपुढे आणायचं, काहींनी 'आपण टेबलाशी बसून अभ्यास करतोय' हे. अभ्यास बघणाऱ्यांनी अभ्यास जास्त केला, मार्कही जास्त पडले. डोळे मिटायला हरकत नाही हो. मिटल्यावर काय बघता त्यावर आहे.

मार्च एंड

ध्येयाची आरती चाललीये म्हणून मध्ये पडतो. मी बँकेत आहे. ध्येय म्हणजे काय ते आम्हाला विचारा.

सकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर आकडा येतो: आज इतक्या विमा पॉलिसी. नेमकं, मोजता येण्याजोगं, मुदत बांधलेलं, सगळे गुण त्यात हजर. मग पेन्शन घ्यायला आलेल्या आजोबांना दहा वर्षांची पॉलिसी गळ्यात मारली जाते. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेचं २०१६ मध्ये काय बाहेर आलं आठवा. प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात आठ खाती-कार्डं बांधायची असं टार्गेट. कर्मचाऱ्यांनी लोकांच्या नावावर त्यांना न विचारता लाखो खाती उघडली. १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि पाच हजारांवर कर्मचाऱ्यांना घरी बसवलं. वही लिहिणाऱ्या बाईनं कुणाचं काही लुबाडल्याचं ऐकलंय का?

अभ्यासिकावाली

@मार्च एंड, मान्य. पण ते टार्गेट तुमच्यावर लादलेलं, तुम्ही ठरवलेलं नव्हे. शिवाय 'हे शक्य नाही' म्हणायची तिथेही सोय नाही. अडचणीचं नाव काढायची बंदी हा रोग तुमच्या रिजनल ऑफिसलाही आहे असं दिसतंय :)

@समईची वात, तुमचा मुद्दा मला लागला. हवं म्हणता येणं ही पहिली पायरी आहे हे मी गृहीत धरून चालले होते, आणि सगळ्यांच्या घरी ती पायरी बांधलेली नसते. पण शनिवारचे दोन तास वहीनं दिले की तुम्ही त्या डॉक्टरांना फोन केलात म्हणून मिळाले?

समईची वात

वहीनं फोन करायला लावला. तुम्हाला ते वेगवेगळं दिसतंय, मला नाही.

यशस्वी भव

लिहिण्याची ताकद सिद्ध झालेली आहे. येल विद्यापीठाच्या १९५३ च्या बॅचमध्ये फक्त ३ टक्के विद्यार्थ्यांनी ध्येयं कागदावर लिहिली होती. वीस वर्षांनी त्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्र संपत्तीपेक्षा जास्त निघाली!

खडूस ग्रंथपाल

असा अभ्यास झालेलाच नाही. १९९६ मध्ये एका अमेरिकी मासिकानं शोध घेतला, येलकडे काही सापडलं नाही, आणि ही गोष्ट सांगणारे वक्ते एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. तरी दर जानेवारीत कुणीतरी ती फॉरवर्ड करतंच. तेव्हा अंधश्रद्धा फक्त वहीवाल्यांकडेच असतात असं ध्येयवाल्यांनी समजू नये.

खरा पुरावा हवा असेल तर लेथम आणि बाल्डिस, १९७५. ओक्लाहोमात लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक कायद्यानं चालेल त्याच्या जेमतेम ६० टक्के भरून निघायचे. 'जमेल तेवढं भरा' म्हणून काही हललं नाही. '९४ टक्के भरा' असा आकडा दिला आणि ट्रक ९० टक्क्यांच्या आसपास भरू लागले. पगार वाढवला नव्हता. कुणी ट्रकपुढे कृतज्ञताही व्यक्त केली नव्हती.

थेटा खाऊन गेला

माझ्या ओळखीचा एक जण स्क्रीनवर मर्सिडीजचा फोटो लावून शेअर बाजारात ऑप्शनचे सौदे करायचा. स्टॉप लॉस, म्हणजे ठरावीक तोटा झाला की सौदा आपोआप बंद करायची सोय, लावायचा नाही, कारण स्टॉप लॉस म्हणजे तोट्याला आमंत्रण. सेबीनं २०२४ मध्ये सांगितलंय की तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या किरकोळ लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. हा पठ्ठ्या म्हणायचा, 'मी उरलेल्या सातात आहे, मला आतून जाणवतंय.'

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये हजारावर लोकांना विचारून पाहिलं. मॅनिफेस्टेशनवर जास्त विश्वास असलेल्यांना आपण यशस्वी आहोत असं जास्त वाटत होतं, जोखमीच्या गुंतवणुकीकडे त्यांचा ओढाही जास्त, आणि दिवाळं निघण्याचं प्रमाणही जास्त. आता विश्वासामुळे दिवाळं निघालं की दिवाळं निघाल्यावर विश्वास बसला, हे त्यातून ठरत नाही. मला मात्र आमच्या मर्सिडीजवाल्याचं उत्तर माहीत आहे.

तिसरा अटेम्प्ट

मी त्या पाटीवाल्यांपैकी एक. कुणी आमच्या बाजूनं पण बोला.

ध्येयवाले नेहमी 'जे आपल्या हातात आहे त्याचं ध्येय ठेवा' म्हणतात. राज्यसेवेत आमच्या हातात काय आहे? २०२२ मध्ये आयोगानं सांगितलं, २०२३ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक. निम्म्या पोरांनी वस्तुनिष्ठचा अभ्यास केलेला. पुण्यात रस्त्यावर आंदोलन झालं, मग ते २०२५ वर ढकललं. जाहिरात कधी निघेल, जागा किती असतील, निकाल कोर्टात अडकेल का, यातलं कुणी कोष्टकात भरून दाखवावं. गावाकडून फोन येतो, 'अजून किती दिवस?' त्या रात्री मी ओटिंगन बाई वाचू का? मी पाटीकडे बघतो आणि झोपतो. सकाळी उठून पुन्हा लक्ष्मीकांत, म्हणजे राज्यघटनेवरचं पुस्तक, उघडतो. अडचण काय आहे हे आम्हाला ताईंपेक्षा जास्त पाठ आहे. रोज रोज तिच्याकडेच बघितलं तर बॅग भरून गावी जावं लागेल.

अभ्यासिकावाली

तू सकाळी लक्ष्मीकांत उघडतोस, त्यामुळे पाटीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. मी बोलतेय ते पाटी बघून पुस्तक मिटणाऱ्यांबद्दल. पेपर दे, मार्क नको असतील तर मी नुसते शेरे देईन.

गोदाकाठ

हा वाद नवा असल्यासारखा चाललाय म्हणून एक आठवण. आपल्याकडे पूजेला बसलं की गुरुजी आधी संकल्प सोडायला लावतात. त्यात काय असतं बघा. शालिवाहन शक, संवत्सर, महिना, तिथी, वार. मग 'गोदावर्याः दक्षिणे तीरे', म्हणजे ठिकाण. मग आपलं नाव, गोत्र, हे कशासाठी, आणि आज कोणतं कर्म करणार ते. फळाची इच्छा त्यात आहे, लपवलेली नाही. पण पाणी सोडताना तोंडात शब्द असतो 'करिष्ये', करीन. 'मला मिळालं आहे' असं यजमान म्हणत नाही.

पीटर गोलविट्झर म्हणून एक संशोधक आहेत, वर आलेल्या ओटिंगन बाईंचे पती. त्यांनी १९९९ मध्ये मांडलं की 'मी व्यायाम करीन' म्हणणाऱ्यापेक्षा 'अमुक वेळ झाली, अमुक ठिकाणी असलो, की मी हे करीन' असं ठरवणाऱ्यानं ते पार पाडण्याची शक्यता बरीच वाढते. आमच्या नाशिकच्या गुरुजींना हे सांगितलं तर ते दक्षिणा वाढवून मागतील.

समईताई, वही ठेवा. फक्त त्या वाक्याखाली तिथी, वार आणि ठिकाण लिहा. क्लिनिकची जागा कुठल्या पेठेत, डिपॉझिट किती, आणि शनिवारशिवाय दुसऱ्या कुठल्या संध्याकाळी सासूबाईंजवळ कोण थांबेल?

समईची वात

मंगळवारी नणंद थांबू शकेल बहुतेक. तिला अजून विचारलेलं नाही. डिपॉझिटचा आकडा मला माहीत आहे, तो इथे लिहीत नाही.

आणि 'झालं आहे' हेच लिहिणार मी, 'करीन' नाही. 'करीन' म्हणत पंधरा वर्षं गेली.