सोलापूर ते लेह, स्वतःच्या गाडीने : तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या दोघांनी एकाच आठवड्यात विचारलं, "वहिनी, लडाखला गाडी घेऊन जायचंय, किती दिवस लागतील?" दोघांच्याही चिठ्ठीवर नुसते किलोमीटर मांडलेले होते. आम्हीही पहिल्यांदा तसाच हिशेब केला आणि तो अंगाशी आला. म्हणून हा धागा काढलाय. जे जाऊन आलेत त्यांनी लिहा. जे अर्ध्यातून परतले त्यांनी तर नक्की लिहा. सुरुवात माझ्यापासून.

जुळे सोलापूर, डिझेल गाडी, दोन वेळा

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटरवर, लेह ३,५०० वर. मधलं अंतर अडीच हजार किलोमीटरच्या घरात, पण त्यातले जवळजवळ दोन हजार सपाटीचेच. तुळजापूर नाक्यावरून ५२ नंबरचा महामार्ग धरला की बीड, संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, हिसार करत तो पंजाबात संगरूरला जाऊन संपतो. वाटेत कन्नडचा घाट लागतो, बिजासनचा लागतो, पण छातीला काही कळत नाही. सगळा खेळ मनाली ते लेह या शेवटच्या सव्वाचारशे किलोमीटरमध्ये आहे, आणि आम्ही त्यालाच दोन दिवस दिले होते.

मनालीत (२,०५० मीटर) एक रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी थेट सरचू गाठलं. अटल बोगदा झाल्यापासून रोहतांगची खिंड चढावी लागत नाही. नऊ किलोमीटर बोगद्यातून गेलं की लाहौलचं खोरं. गाडी लवकर पोचते, पण शरीराला सवय व्हायला मिळणारा वेळही तेवढाच कमी होतो. सरचू ४,२९० मीटरवर आहे. संध्याकाळी ह्यांचं डोकं ठणकायला लागलं, रात्री उलट्या. तंबूत मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून श्वास मोजत बसले होते. अशा वेळी खाली उतरणं हाच खरा उपाय. पण सरचूची अडचण तिथे बसल्यावरच कळते : खाली जायला आधी वर चढावं लागतं. मनालीकडे बारालाचा खिंड, ४,८९० मीटर. लेहच्या बाजूला तर खिंडी पाच हजारांच्या वर जातात. उजाडायची वाट बघितली, बारालाचा पुन्हा ओलांडला आणि जिस्पाला आलो, ३,२०० मीटर. दोन तासांत ह्यांनी स्वतःहून चहा मागितला. मला तेव्हा रडू आवरलं नाही. तिथूनच सोलापूर.

दुसऱ्या वेळी दिनदर्शिकेच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर नवा तक्ता केला. तारीख, गाव आणि रात्री झोपायची उंची. या वेळी श्रीनगरमार्गे गेलो : श्रीनगर १,५८५, कारगिल २,६७६, मग लेह. झोजी ला (३,५२८) आणि फोटू ला (४,१०८) या खिंडी दिवसा ओलांडायच्या, झोपायचं खाली. तीन हजारांच्या वर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं डॉक्टर सांगतात. कारगिल ते लेह उडी त्याहून मोठी, म्हणून लेहला दोन दिवस खोलीतून फारसे हललोच नाही. परत मनालीमार्गे आलो. तेव्हा तोच सरचू दुपारी हसतखेळत मागे पडला. एकूण सतरा दिवस. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधीच सांगा.

अक्कलकोट रोड, दोन बाईक, तिघं मित्र

वहिनींनी श्वासाचं लिहिलंय, मी पेट्रोलचं लिहितो. मनाली-लेह रस्त्यावर केलाँगच्या अलीकडे तांदीला पंप आहे. तिथली पाटी सांगते, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. आमची टाकी बारा लिटरची. सोलापुरात पंचेचाळीस देणारी गाडी वर तीस धरून चाला, कारण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच चढ काढायचा असतो आणि पाच हजार मीटरवर हवेचा दाब निम्म्यावर येतो. माझी जुनी कार्बोरेटरवाली गाडी काळा धूर सोडायला लागली. हवा कमी, पेट्रोल तेवढंच, मग जळणार कसं? बारा त्रिक छत्तीस, म्हणजे ३६० किलोमीटर. पाच कमीच पडतात. मित्र म्हणत होता, "होतंय बे, कशाला ओझं वागवतो?" तरी प्रत्येक गाडीला पाच लिटरचे दोन कॅन बांधले.

कॅनची एक गोष्ट कुणी सांगत नाही. खाली घट्ट लावलेलं झाकण वर गेल्यावर फुगतं, अख्खा कॅन ढोलासारखा ताठ होतो. एकदम उघडलं तर पेट्रोल अंगावर उडतं. गाडी बंद, इंजिन गार, मग झाकण अर्धा आटा सैल करून फुस्स आवाज संपेपर्यंत थांबायचं. पुढे लेहच्या वाटेवर मोरे नावाचं उंच पठार लागतं, तिथे एक जण एकटाच गाडी ढकलत येत होता. एक कॅन त्याच्या टाकीत ओतला. कुठला होता तेही विचारलं नाही.

विजापूर रोड, शिक्षिका, नवरा आणि दोन मुलं

आमच्या गाडीत सगळ्यात आधी चढली ती कडक भाकरी. शंभर भाकरी, सुती कापडात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात. सोबत शेंगाचटणी. महिनाभर काही होत नाही हे आपल्याला माहीतच आहे, पण त्याचं मोल मला राजस्थानात दरा या ठिकाणी कळलं. झालावाड ते कोटा रस्त्यावर मुकुंदरा डोंगरातली ती अरुंद खिंड. ट्रक अडकला की तासन्‌तास हलायचं नाव नाही. आम्ही साडेतीन तास उभे होतो. मुलांनी भाकरीवर चटणी आणि तेल घालून चुरून खाल्ली, मागच्या ट्रकवाल्या दादांनाही दिली. त्यांनी भाकरी कानाजवळ मोडून आवाज ऐकला आणि विचारलं, ये रोटी है या पापड?

वर गेल्यावर डाळ-तांदूळ उघड्या पातेल्यात शिजत नाही. लेहला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. बुडबुडे येतात, वाफ येते, डाळ मात्र टणक. तीन लिटरचा कुकर न्या, आणि झाकणाची जास्तीची रबरी रिंगही. आमची रिंग पांगजवळ तुटली.

चादरीचंही सांगते. सोलापुरी चादर गाडीत हवीच. पण ती सुती आहे, ओली झाली की वाळत नाही आणि ऊब देत नाही. अंगावर लोकर, वरून चादर, असं करा. आम्ही एक चादर राजस्थानात उन्हाच्या बाजूच्या काचेला लावली होती. मुलं तिच्या सावलीत झोपली.

होटगी रोड, एकट्याने चालवणारा

थोडक्यात तीन गोष्टी. पहाटे चारला निघा, दुपारी तीनला गाडी लावा. प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, निघायच्या आधी पोस्टपेड करा. आणि ब्रेक स्वतः उघडून बघा. माझ्या ओळखीच्या मेकॅनिकने नवीन पॅड टाकल्याचे पैसे घेतले, कुल्लूच्या उतारावर कळलं जुनेच आहेत. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका.

सम्राट चौक, आईसोबत

आई त्र्याहत्तर वर्षांची, बीपीची गोळी चालू. तिला बर्फ बघायचा होता. लेह नको, असं आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि आम्ही ते ऐकलं. मनालीत तीन रात्री राहिलो. चौथ्या दिवशी बोगदा पार करून सिस्सूला नेलं. समोरच्या कड्यावर बर्फ, खाली चंद्रा नदी. आई गाडीच्या दारातच पाय खाली सोडून बसली, दीड तास. कुणाशी बोलली नाही. दुपारी स्वतःच म्हणाली, चला आता खाली. संध्याकाळी पुन्हा मनाली.

ज्यांच्या घरात वयस्कर माणसं आहेत त्यांनी हा बेत जरूर करा. परतताना सहाव्या दिवशी संध्याकाळी तुळजापूर आलं, देवीला हात जोडले. सोलापूरकडचा घाट उतरायला लागलो तशी आई म्हणाली, "अरे, हाही घाटच होता की. मला कधी वाटलंच नाही."