मदत हवी आहे : गुलामगिरीवरील अमेरिकन कादंबऱ्या आणि उत्तराधुनिकता

नमस्कार. एम.ए.च्या प्रबंधासाठी मी टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ (१९८७) आणि कोल्सन व्हाइटहेड यांची ‘द अंडरग्राउंड रेलरोड’ (२०१६) या कादंबऱ्यांचा अभ्यास करत आहे. १८५६ मध्ये केंटकीतून पळालेल्या मार्गारेट गार्नरने, मुलीला पुन्हा गुलामगिरीत ढकलले जाऊ नये म्हणून, स्वतःच्या हातांनी तिचा जीव घेतला. मॉरिसन यांची कादंबरी या घटनेतून उभी राहिली. व्हाइटहेड मात्र पळणाऱ्या गुलामांना मदत करणाऱ्या, ‘अंडरग्राउंड रेलरोड’ (भूमिगत रेल्वे) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुप्त जाळ्याऐवजी जमिनीखालून खरीखुरी आगगाडीच धावताना दाखवतात.

उत्तराधुनिक (पोस्टमॉडर्न, म्हणजे एकच ठाम सत्य किंवा सलग कथन यांवर शंका घेणाऱ्या) संस्कृतीत इतिहासाचे भान क्षीण होते, हे अमेरिकन मार्क्सवादी समीक्षक फ्रेडरिक जेमसन यांचे प्रतिपादन मला या कादंबऱ्यांना मुळीच लागू पडत नाही असे वाटते. इतिहासलेखनालाच प्रश्न विचारणाऱ्या कथनाविषयीची कॅनेडियन समीक्षक लिंडा हचिन यांची मांडणी अधिक जवळची आहे. परंतु त्या चौकटीत कथनतंत्राची चर्चा वाढून गुलामगिरीची वेदना बाजूला पडेल, अशी मला मनापासून काळजी वाटते.

या कादंबऱ्यांना उत्तराधुनिक म्हणणे कितपत योग्य आहे, आणि कृष्णवर्णीय अमेरिकन समीक्षकांपैकी कोणाचे लेखन आधी वाचावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. या विषयावरील मराठी समीक्षालेख ठाऊक असल्यास तेही अवश्य सुचवावेत.