मदत हवी आहे: सोमवारी शाळेत बोलावलंय, काय सांगू?

वैतागलेली_आई
मुलगा तोंडी सगळं सांगतो. परवा पावसाचं पाणी कुठून येतं ते असं समजावलं की सासूबाई जपमाळ थांबवून ऐकत बसल्या. पेपरात ४० पैकी ९. 'सूर्य'चा 'सुय', 'प्रकाश'चा 'पकाश'. बाई म्हणतात लक्षच नाही. प्लीज लवकर सांगा.

दोन_कटिंग
कितवीत? माध्यम, बोर्ड, गाव? डोळे-कान तपासलेत?

कोकणी_बाणा
रोज १० ओळी शुद्धलेखन. आमच्या मास्तरांनी पट्टी मारून रफार शिकवला, आजतागायत चुकलो नाही.

दहावीची_आई
बाणा, पट्टीने रफार येत असता तर माझ्या लेकाला पहिलीतच आला असता. तो अजून 'भ' की 'म' ते थांबून ठरवतो.
ताई, हे अध्ययन अक्षमतेसारखं वाटतंय (हुशार असूनही वाचणं-लिहिणं जड जातं ते), पण तपासल्याशिवाय कळणार नाही. मुंबईत सायन, केईएम, नायर हॉस्पिटलला तपासणी होते. आधी डोळे-कान, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणित. खेपा पडतात, रजा शिल्लक ठेवा. प्रमाणपत्र मिळालं की दहावीला तासामागे २० मिनिटं जादा आणि गरज असेल तर लेखनिक.

अबॅकस_मावशी
अबॅकस लावा! भाचीचा स्पीड बघाल तर थक्क व्हाल.

दोन_कटिंग
मावशी, रफार मणी सरकवून येतो का?

वैतागलेली_आई
तिसरी, सेमी, ठाणे. दहावीचं दहावीला बघू हो, मला सोमवारचं सांगा!

दहावीची_आई
बाईंशी वाद घालू नका. वही न्या आणि तीनच गोष्टी मागा: वर्गासमोर मोठ्याने वाचायला लावू नका, फळ्यावरचं उतरवायच्या ऐवजी झेरॉक्स द्या, चाचणीत दोन प्रश्न तोंडी विचारा. तिसरीही मान्य झाली तर पेढे वाटा.

निवांत_काका
नवोदयचा विचार करा. परीक्षा पाचवीत असताना द्यायची असते.

दोन_कटिंग
काका, विचारलंय कोणी?

नियमावर_बोट
२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता येते. शाळेला टाळता येणार नाही.

कोकणी_बाणा
चांगल्या पोराला दिव्यांग ठरवा आता.

वैतागलेली_आई
आमचे 'हे' अगदी हेच बोलतात. तपासणी झालीय हो, दिवाळीतच. रिपोर्ट कपाटात आहे. शाळेत द्यायचा नाही, शिक्का बसेल म्हणतात.

दोन_कटिंग
अहो, हे आधी सांगायचं ना!!

गप्प_बाबा
पहिल्यांदाच लिहितोय. मीही रिपोर्ट दोन वर्षं दाबून ठेवला होता. शिक्का आधीच बसला होता, 'ढ' म्हणून. लेकाच्या कंपासपेटीवर मुलांनी कर्कटकाने कोरला होता. तुमच्या मिस्टरांना मला मेसेज करायला सांगा. रात्री नऊनंतर.

अबॅकस_मावशी
सायनला गाडी लावायला जागा मिळते का? मला दुसऱ्या कामाला जायचंय.