लैंगिक गुन्हेगारांवरील शारीरिक चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी कसे ताडावेत?

प्रश्न (संशोधक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर):
लैंगिकताशास्त्रज्ञ कुर्ट फ्रॉइंड यांनी १९५० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियात विकसित केलेल्या उत्तेजन-मापन चाचणीवरील, म्हणजे पुरुषाची लैंगिक उत्तेजना शिश्नातील बदलावरून मोजणाऱ्या चाचणीवरील, अभ्यासांचा मी आढावा घेत आहे. कोणी शिश्नाचे घनफळ मोजतो, तर कोणी घेर. कोणी चित्रे दाखवतो, तर कोणी ध्वनिमुद्रित वर्णने ऐकवतो. अशा अभ्यासांचे निष्कर्ष एकाच तक्त्यात मांडणे योग्य ठरेल का?

उत्तर १ (संख्याशास्त्राचे अध्यापक, नांदेड):
मोंढ्यात प्रत्येक आडत्याने स्वतःची पायली आणली तर मालाचा हिशेब कसा लागणार? इथेही तसेच झाले आहे. मात्र उपकरणापेक्षा गुणांकनाचा घोळ मला अधिक गंभीर वाटतो. अनेक संशोधक प्रत्येक व्यक्तीचे प्रतिसाद तिच्याच सरासरीशी ताडून आणि तिच्याच प्रतिसादांतील चढ-उताराच्या मापाने भागून झेड-गुणांत बदलतात. पण ज्याने कशालाच फारसा प्रतिसाद दिलेला नाही, त्याच्या बाबतीत मिलिमीटरच्या अंशाएवढा फरकही या रूपांतरात डोंगराएवढा दिसू लागतो. म्हणून किमान किती प्रतिसाद ग्राह्य धरला आणि त्याखालचे किती जण वगळले, हे ज्या लेखात नमूद नाही, तो मी तक्त्यात घेणार नाही. तुलनागट महाविद्यालयीन तरुणांचा असेल, तर वयाचा परिणाम वेगळा काढता येत नाही, हेही पाहावे.

उत्तर २ (वकील, लातूर):
सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदू-लहरींची चाचणी सक्तीने करण्यास मनाई केली. तो निकाल या चाचणीविषयी नाही; तरीही बंदिवानाची संमती, विशेषतः शिक्षेत सूट मिळेल या आशेने दिलेली, कितपत खरी मानावी, हा प्रश्न ताईंनी प्रत्येक अभ्यासाला विचारावा.

ताई (मूळ प्रश्नकर्ती):
सर, हॅन्सन आणि बुसिएर यांच्या १९९८ च्या ६१ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात बालकांविषयीचे मोजलेले आकर्षण हे पुन्हा गुन्हा होण्याचे सर्वांत ठळक सूचक ठरले होते. मग गुणांकनाचा दोष एवढा मोठा कसा?

उत्तर १:
ते सूचक त्या ६१ पैकी मोजक्याच अभ्यासांवर उभे आहे आणि ०.३२ हा सहसंबंध (दोन गोष्टी किती प्रमाणात सोबत आढळतात याचे माप; १ म्हणजे पूर्ण जुळणी) गटापुरता बोलतो, समोर बसलेल्या माणसाविषयी नव्हे. शिवाय काही जण मन दुसरीकडे वळवून प्रतिसाद दाबतात. वर्णन ऐकताना ठरावीक प्रसंग आला की बटण दाबायला लावणे, हा त्यावरचा एक उपाय आहे. तो कोणी वापरला, याचा रकाना तक्त्यात ठेवा.