प्राथमिक की यूयूआयडी असावी, पण मजकूर म्हणून नव्हे

धागाकर्ता (इंदूर): आमची राजवाडा, पलासिया आणि महू येथील रक्तनमुना केंद्रे इंटरनेट बंद असतानाही नोंदी घेतात आणि संध्याकाळी त्या मुख्य डेटाबेसमध्ये येतात. क्रमाने वाढणारे आकडे वापरत होतो तेव्हा दोन केंद्रांतील निरनिराळ्या रुग्णांना एकच क्रमांक मिळाला. चूक वेळीच सापडली, पण तेव्हापासून माझे मत पक्के आहे की अनेक ठिकाणी तयार होणाऱ्या नोंदींची प्राथमिक की, म्हणजे तक्त्यातील प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख, यूयूआयडीच (कुठल्याही संगणकावर स्वतंत्रपणे तयार केली तरी दुसरीशी न जुळणारी ओळख) असावी. ती पोस्टग्रेस या डेटाबेसच्या यूयूआयडी प्रकारातच ठेवावी, कारण तिथे ती १६ बाइटांत मावते. मजकूर म्हणून ३६ अक्षरे लागतात आणि कॅपिटल-स्मॉल अक्षरांच्या फरकाने एकच ओळख दोनदा शिरू शकते.

प्रतिसाद १: असहमत. तीन केंद्रांसाठी केंद्राचा संकेतांक आणि तिथला क्रमांक अशी जोड-की पुरते. आम्ही मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरतो. त्यातील इनोडीबी हे साठवण इंजिन तक्ता प्राथमिक कीच्या क्रमानेच मांडते आणि प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्ये (इतर स्तंभांवरून नोंद शोधण्याच्या सूचीत) तीच की पुन्हा साठवते. चौथ्या आवृत्तीच्या यूयूआयडीत १२२ बिट यादृच्छिक असल्याने नवी नोंद साठवणीच्या कुठल्याही पानावर (ठरावीक आकाराच्या खंडात) जाऊन पडते, पाने दुभंगतात आणि इंडेक्स फुगतो. शिवाय रुग्णाला फोनवर ३६ अक्षरे कोण वाचून दाखवणार?

धागाकर्ता: पानांविषयीचा आक्षेप मान्य, पण तो चौथ्या आवृत्तीला लागू होतो. मे २०२४ मध्ये आरएफसी ९५६२ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजाने प्रमाणित केलेल्या सातव्या आवृत्तीत पहिले ४८ बिट मिलिसेकंदांतील वेळेचे असतात, त्यामुळे नव्या नोंदी इंडेक्सच्या शेवटाकडे जातात. पोस्टग्रेस १८ मध्ये त्यासाठी अंगभूत फंक्शनही आहे. जोड-की मला धोक्याची वाटते, कारण केंद्रातला संगणक जुन्या बॅकअपवरून पुन्हा उभा केला की तिथला क्रमांक मागे सरकतो आणि दिलेलेच आकडे पुन्हा दिले जातात. फोनवर सांगण्यासाठी पावती क्रमांकाचा वेगळा स्तंभ ठेवावा. त्याने की व्हायची गरज नाही.

प्रतिसाद २: सातव्या आवृत्तीतील ती वेळच मला खटकते. अहवालाच्या दुव्यात ही की दिसली, तर नमुना नेमका केव्हा नोंदला गेला हे दुवा पाहणाऱ्या कोणालाही उलगडता येते, आणि वैद्यकीय नोंदीत एवढी माहितीही बाहेर जाऊ नये. यूयूआयडीचा अंदाज बांधता येणार नाही असे गृहीत धरू नका, हे त्याच आरएफसीत बजावले आहे, म्हणून दुवा हाती असणे म्हणजे अहवाल पाहण्याची परवानगी असे होता कामा नये. तक्त्यात सातवी आवृत्ती ठेवा, पण दुव्यासाठी चौथ्या आवृत्तीची स्वतंत्र ओळख द्या आणि अहवाल उघडताना परवानगी प्रत्येक वेळी तपासा.

प्रतिसाद १: ही विभागणी मला पटते. एकाच सर्व्हरवर चालणाऱ्या आमच्या हिशेबाच्या तक्त्यांना मात्र ८ बाइटांचा बिगइंट हा क्रमाने वाढणारा आकडाच राहील.